पोहोचलेली गोळी

१

मास्तर निशाणाच्या पाट्यांपुढे उताणे पडले होते आणि त्यांचा चष्मा अजून नाकावरच होता. छातीत डाव्या बाजूला बारीकसं भोक होतं, शर्टाला सिगारेटचा चटका बसावा तेवढं. रक्तही फार गेलं नव्हतं.

इन्स्पेक्टर बाई पोहोचल्या तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. बाईंच्या निवृत्तीला फार काळ उरला नव्हता आणि गुडघे तर त्यांच्याआधीच निवृत्त झाले होते. खात्यात त्यांना मागून सगळे सावकाशबाई म्हणत. बाईंना ते माहीत होतं आणि पटतही होतं. रेंजच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोनशे मीटर चालायचं म्हटल्यावर त्यांनी आधी एक सुस्कारा सोडला, मग पाऊल उचललं.

रायफल क्लबाची ती रेंज साधी होती. एका टोकाला नेम धरायच्या दोन शेड, डावी आणि उजवी, आणि दोन्हींच्या मधोमध वर्कशॉप, त्यामुळे एका शेडमधून दुसरीतलं काही दिसत नसे. दुसऱ्या टोकाला मातीचा उंच बांध, बांधापुढे निशाणाच्या पाट्या आणि पाट्यांच्या पायाशी माणूस उभा मावेल एवढा खंदक. नेमबाजी चालू असताना मास्तर त्या खंदकात उभे राहत आणि गोळी कुठे लागली ते लांब काठीने वर दाखवत. डोकं वर काढायचं नाही, हा नियम त्यांनीच सगळ्यांना शिकवला होता. त्या सकाळी त्यांनीच तो मोडला आणि खंदकातून वर आले.

डाव्या शेडमध्ये त्यांची सून नेम धरत होती. क्लबातली सगळ्यात चांगली नेमबाज. बाई तिच्याजवळ बाकावर बसल्या तेव्हा तिच्या कानावरची आवाज अडवणारी कव्हरं गळ्यात तशीच लोंबत होती. ती रडत नव्हती. तिने सगळं क्रमाने सांगितलं. नव्या पेटीतली काडतुसं आज पहिल्यांदाच उघडली होती, गोळ्या हलक्या होत्या, नेहमीपेक्षा जास्त वेगाच्या. चार-पाच बार काढले तरी मास्तरांची काठी वर येईना. दुर्बिणीतून फक्त कागद दिसतो, आजूबाजूचं काही नाही. तिने पुन्हा नेम धरला, बोट दाबलं आणि त्याच क्षणी कागदाच्या कडेला सासऱ्यांचा खांदा दिसला.

"माझ्या हातून बाबा गेले," ती म्हणाली. "आणखी काय विचारायचं आहे?"

विचारायला खरंच फारसं नव्हतं. तिचा नवरा, म्हणजे मास्तरांचा मुलगा, दाराशी उभा होता. क्लबात त्याला सगळे धाकटे मास्तर म्हणत, थोडं कौतुकाने आणि बरंचसं चेष्टेने, कारण तो कधी कुणाचा मास्तर झालाच नव्हता. गोंधळ ऐकून बापाकडे पहिला धावला तो. त्याआधी कोठीत झेंडे घडी करत बसलो होतो, असं त्याने सांगितलं. डोळे सुजले होते, आवाज मात्र शांत होता.

"तिच्या मनात काही नव्हतं, मॅडम. तिच्या रायफलला नवीकोरी नळी बसवली आहे, गोळी दोरी धरल्यासारखी जाते. बाबा मध्ये आले, तिचा काय इलाज. मी तिला माफ केलं आहे."

बाईंनी मान हलवली. एवढ्या झटपट माफ करणारा नवरा त्यांनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

२

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं की छातीत गोळी अशी सापडलीच नाही, तांब्याचे आणि शिशाचे कण तेवढे मिळाले. या बारीक नळीच्या वेगवान रायफलींचं असंच असतं, गोळी आत शिरली की तिचा भुगा होतो. त्या भुग्यावरून ती कुठल्या रायफलीतून सुटली हे देवालाही सांगता येणार नाही, असं ते म्हणाले आणि हात धुवायला गेले.

वरिष्ठांचं म्हणणं स्पष्ट होतं. अपघात आहे, सून स्वतः कबूल करते आहे, घरच्यांची तक्रार नाही, संपवा. क्लबाच्या सेक्रेटरींचंही तेच. ते त्या वेळी ऑफिसात चार माणसांसोबत बैठकीत होते आणि आता क्लब बंद पडेल या काळजीने अर्धे झाले होते. बाईंनाही संपवायचंच होतं. घरी जाऊन पाय गरम पाण्यात सोडून बसावं, यापलीकडे त्यांची काही महत्त्वाकांक्षा नव्हती.

पण तो कागद त्यांना सोडत नव्हता. डाव्या शेडसमोरच्या पाटीवरचा निशाणाचा कागद हवालदाराने गुंडाळून आणला होता. टेबलावर पसरला तर कोरा. मध्ये भोक नाही, कडेला नाही, कोपऱ्यात नाही.

"बाई, कधीकधी माणसाचा नेम चुकतो," हवालदार म्हणाला. लग्नाला वीस वर्षं झालेला माणूस ज्या सुरात बोलतो त्या सुरात.

बाईंना ते पटेना. क्लबातली सर्वांत चांगली नेमबाज, नळी नवी, वारा नाही, आणि एकही गोळी कागदाला शिवत नाही. आणि मग एकच गोळी नेमकी कागदाशेजारच्या माणसाच्या काळजात जाते. मास्तर खंदकातून वर का आले याचं उत्तर मात्र त्या कोऱ्या कागदात होतं. त्यांनाही हाच प्रश्न पडला असणार. सून नेम धरते आहे, आवाज येतो आहे आणि गोळ्या कुठे जात आहेत? बघायला म्हणून ते वर चढले आणि शेडकडे वळले.

बाई वर्कशॉपमध्ये गेल्या. तिथला मिस्त्री लेथजवळ उभा होता. काम नव्हतं तरी उभा होता. त्याचं आणि मास्तरांचं पटत नसे हे सेक्रेटरींनी न विचारताच सांगितलं होतं. घटनेच्या वेळी तो कुठे होता? इथेच, लेथवर. पाहणारं कुणी? कुणी नाही. लेथचा आवाज चालू होता, बाहेरचे बार वेगळे ऐकू आले नाहीत. सुनेचा नेम असा का चुकला असेल, असं विचारल्यावर तो म्हणाला की मन थाऱ्यावर नसेल. हे सांगताना तो बाईंकडे बघत नव्हता. हातातलं फडकं पिळत होता आणि फडकं कोरडं होतं.

"नवी नळी तूच बसवलीस ना?"

"मास्तरांनी तसंच सांगितलं होतं," मिस्त्री म्हणाला.

उत्तर होतं, पण विचारलेल्या प्रश्नाचं नव्हतं. बाईंनी जप्त केलेली रायफल मागवली.

३

रायफल मिस्त्रीच्या टेबलावर ठेवून बाईंनी त्यालाच ती उघडायला लावली. नळीत बारीक दिवा सोडला आणि डोळा लावला. नवीकोरी नळी आतून आरशासारखी असते एवढं त्यांना कळत होतं. पुढच्या तोंडाकडे चकाकी होतीही. पण काडतूस जिथे बसतं त्याच्या लगेच पुढे पोलाद काळं पडून तडकलं होतं, तळं आटल्यावर चिखलाला भेगा पडतात तसं. गोळीला फिरकी देणारे आटे तिथे झिजून दिसेनासे झाले होते.

"ही नळी नवी?" बाईंनी विचारलं.

मिस्त्रीने नकारार्थी मान हलवली. मग खाली बसला आणि बोलायला लागला, आणि एकदा लागल्यावर थांबेना. ही जात मुळातच अल्पायुषी, तो म्हणाला. नळीचं भोक बारीक आणि काडतुसात दारू मात्र ठासून. सगळी आग त्या एवढ्याशा भोकातून निघते आणि नळीचा घसा चाटून जाते. दर बाराला थोडं थोडं पोलाद जळतं. घसा असा भेगाळला की गोळीचं पातळ तांब्याचं कवच आतच ओरबाडलं जातं. जड, जाड कवचाची गोळी तरीही तग धरते. हलकी गोळी असली आणि वेग जास्त असला तर ती बाहेर पडल्यावर स्वतःच्याच फिरकीने फुटते. हवेत एक राखाडी फुंकर दिसते, दिसली तर. पुढे काही जात नाही.

"म्हणजे त्या सकाळी तिची एकही गोळी…"

"मला ठाऊक नाही, मॅडम," तो घाईने म्हणाला. "मी शपथेवर नाही सांगू शकत."

"मास्तरांना तू काय सांगितलं होतंस?"

आलेली एकुलती एक नवी नळी सुनेच्या रायफलला बसवली, असं सांगितलं होतं. खोटं सांगितलं होतं. का, ते सांगणार नाही. नळी कुठे आहे, तेही नाही. शब्द दिला आहे. बाईंनी जरा दरडावून पाहिलं, पण दरडावण्यातही दम लागतो आणि तो त्यांच्याकडे शिल्लक नव्हता. त्यांनी हवालदाराला मिस्त्रीवर नजर ठेवायला सांगितलं आणि जाड कागदाचे ताव मागवले.

४

डाव्या शेडपासून बांधापर्यंत ठरावीक अंतरावर काठ्या रोवून एकामागे एक ताव लावले. हे काम हवालदाराकडे आलं, आणि आपण पोलिसात भरती झालो होतो की धोब्याकडे, असं तो प्रत्येक काठीपाशी पुटपुटत होता. सुनेला बाईंनी मुद्दाम बोलावून घेतलं. ती सासूला घरी ठेवून आली होती. सासू दोन दिवस पाण्याखेरीज काही घेत नव्हती आणि सुनेला एक शब्द बोलली नव्हती, चांगला नाही की वाईट नाही. सुनेच्या जीवाला तेच जास्त लागत होतं.

सुनेने सवयीने कानांवर तीच कव्हरं चढवली. मिस्त्रीने रायफल टेबलाला पक्की आवळली आणि त्याच नव्या पेटीतलं काडतूस घालून बार काढला. मग सगळे चालत निघाले. पहिल्या तावाला स्वच्छ गोल भोक होतं. पुढच्याला भोकाभोवती राखेच्या रंगाचं कडं. त्याच्या पुढचा ताव असा दिसत होता की कुणीतरी मूठभर वाळू जोरात फेकून मारली आहे. आणि त्यानंतरचे सगळे ताव, बांधापर्यंत, कोरे.

त्यांनी पुन्हा बार काढला. पुन्हा तसंच. या वेळी मध्यावर हवेत राखाडी धुराचा ठिपका सगळ्यांनी पाहिला. क्षणभर होता आणि मग नव्हता.

बाई सुनेजवळ गेल्या. अशा वेळी काय बोलावं हे त्यांना कधी जमलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "बघितलंस ना? तुझी गोळी अर्ध्या वाटेतच संपत होती. तुझ्या हातून ते गेले नाहीत."

सुनेने वाळू मारल्यासारख्या त्या तावावरून हात फिरवला. श्वास सोडला. चेहरा सैल पडला, वय एकदम कमी झाल्यासारखं वाटलं. तेवढ्यात बाईंनी पुढचा प्रश्न विचारला, कारण तो विचारणं भाग होतं.

"मग नवी नळी कुठे आहे?"

ती उत्तर द्यायला वळली. तोंड उघडलं. आणि तिची नजर वर्कशॉपच्या पलीकडे, उजव्या शेडकडे गेली आणि तिथेच राहिली. बाईंनी तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना पाहिला.

"मॅडम," ती म्हणाली, "तुम्ही आधीचंच लिहा. मीच मारलं."

"अगं, कागद तुझ्यासमोर आहेत."

"आहेत. तरी तसंच लिहा."

त्यानंतर ती एक अक्षर बोलली नाही. बाईंना मात्र आता फार काही विचारायचं उरलं नव्हतं. वर्कशॉपच्या पायरीवर बसून, गुडघा चोळत, त्यांनी एकेक गोष्ट जागेवर ठेवली. मास्तर मेले ते पोहोचणाऱ्या गोळीने. तशी गोळी चांगल्या नळीतूनच सुटते. नवी नळी एकच आली होती आणि ती कुठे आहे हे सुनेला ठाऊक होतं, म्हणजे तिनेच ती कुणाला तरी देऊन टाकली होती, सासऱ्यांपासून लपवून. मिस्त्रीला मास्तरांचा काटा काढून सुनेवर ढकलायचं असतं, तर त्याने ती सकाळ कधीच निवडली नसती. तिची नळी भेगाळली आहे आणि दिव्याने बघणारा कुणीही ते ओळखेल, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. उलट एक माणूस पहिल्याच दिवशी म्हणाला होता की तिची नळी नवीकोरी आहे. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. म्हणजे बायकोने नळी देऊन टाकली हे त्याला ठाऊक नव्हतं.

आणि बायको आपली हक्काची नळी, न सांगता, कुणाला देते?

बाईंनी मिस्त्रीला हाक मारली. त्याच्यापुढे त्यांनी नुसतं उजव्या शेडकडे, धाकटे मास्तर नेहमी जिथून नेम धरत तिकडे, बोट केलं. मिस्त्रीचा बांध फुटला.

ताईंनी, म्हणजे सुनेने, शब्द घेतला होता, तो म्हणाला. दोघांच्या रायफली लग्नाच्या वर्षी एकदमच घेतलेल्या, दोन्ही झिजल्या, पण धाकट्या मास्तरांची आधी गेली. त्यांच्या गोळ्या कित्येक महिने वाटेतच धूर होत होत्या. मास्तर चारचौघांत म्हणायचे की नळीला काय दोष द्यायचा, हातच गेलेला आहे. नवी नळी आली तेव्हा ती सुनेला, असं त्यांनी ठरवून टाकलं. ताई गुपचूप येऊन म्हणाल्या की माझी अजून चालेल, तू त्याच्या रायफलला बसव. आणि त्याला सांगू नकोस. आपला हात परत आला असं वाटू दे त्याला. मिस्त्रीने दुर्बीण दुरुस्त करायच्या बहाण्याने रायफल घेतली, नळी बदलली, वरून जुन्यासारखाच रंग दिला, आतून आरशासारखी पुसून आदल्या दिवशी कपाटात परत ठेवली.

"पुसून?" बाईंनी विचारलं.

"दाण्याएवढी काजळी ठेवली नव्हती, मॅडम."

५

रायफली ठेवायच्या खोलीत ज्याचं त्याचं कपाट होतं आणि ज्याची त्याची किल्ली. धाकट्या मास्तरांनी आपलं कपाट स्वतः उघडलं. बाईंनी त्याला बसायला सांगितलं आणि तावांबद्दल सांगितलं. बायकोची गोळी पोहोचूच शकत नव्हती, नळी जुनीच होती, एवढंच.

तो गोंधळला. मनापासून गोंधळला. "पण बाबांनी तर नवी तिलाच…"

"दिली होती. तिने ठेवली नाही." बाईंनी त्याच्याच रायफलीत दिवा सोडला. "बघ."

त्याने डोळा लावला. खूप वेळ लावून ठेवला. घसा गुळगुळीत होता, आटे धारदार, कडेपर्यंत चमकत गेलेले. आणि त्या चकचकीत पोलादावर एका बाराची काजळी आणि तांब्याची एक पुसट रेघ.

डोळा बाजूला केला तेव्हा तो हसल्यासारखा वाटला, पण ते हसणं नव्हतं. रायफल मांडीवर आडवी धरून तो सांगू लागला. त्या सकाळी बाबा म्हणाले होते की उद्यापासून तू खंदकात उभा राहा, रायफल टांगून ठेव. सगळ्यांसमोर म्हणाले. तो उजव्या शेडमध्ये येऊन बसला होता. सवयीने काडतूस भरलं. दुर्बीण लावली तर बाबा खंदकातून वर चढत होते, तिच्या पाटीकडे. नेहमी तिच्याच पाटीकडे.

"लहानपणी बाबांची पाठ वळली की मी त्यांना जीभ दाखवायचो," तो म्हणाला. "तसंच होतं ते, मॅडम. माझी गोळी पोहोचत नाही हे मला ठाऊक होतं. कित्येक महिने एकही पोहोचली नव्हती. धूर झाला असता, मला बरं वाटलं असतं, मी घरी गेलो असतो. कुणाला कळू नये म्हणून तिच्या आवाजाबरोबर दाबली. बाबा पडले तेव्हा मला वाटलं, तिची लागली. खरंच वाटलं. देवाची शपथ, मला हायसं वाटलं की माझी नव्हती."

"बार काढला हे सांगितलं का नाहीस?"

"काय सांगणार होतो? की बापावर नेम धरला होता, पण काळजी नको, माझ्या गोळ्या तशाही फुसक्या असतात?"

त्याने विचारलं की आता आपण खुनी का. हा प्रश्न त्यांना न्यायाधीशांसाठी ठेवायचा होता, पण तो समोर बसला होता आणि उत्तराची वाट बघत होता.

"मला नाही सांगता येणार," त्या म्हणाल्या. "माणसावर नेम धरलास आणि घोडा ओढलास, एवढं मी लिहीन. तुला काय वाटत होतं तेही लिहीन. दोन्ही खरं आहे."

त्याने रायफल हळूच त्यांच्याकडे दिली, तोंड जमिनीकडे ठेवून, बापाने शिकवल्याप्रमाणे. मग म्हणाला, "नळी तिने दिली हे कोर्टात येणारच का?"

"येणार."

"मग तिला आधी घरी पोहोचवा."

६

पोहोचवायची गरज पडली नाही. ठाण्याच्या व्हरांड्यात सून बसून होती, आत काय झालं असेल हे तिला कुणी सांगावं लागलं नव्हतं. बाई तिच्या शेजारी बसल्या. तिने एकच विचारलं, घोडा ओढताना नळी बदलल्याचं त्याला माहीत होतं का. बाईंनी सांगितलं की नव्हतं. ती नळी मी माझ्याकडेच ठेवली असती तर, असं म्हणायला तिने सुरुवात केली आणि वाक्य मध्येच सोडलं. बाईंनीही ते पुरं केलं नाही. चांगल्या मनाने दिलेल्या वस्तूचा हिशेब कुठल्या बाजूला मांडायचा हे त्यांना इतक्या वर्षांत कळलं नव्हतं, आणि आता कळून उपयोग नव्हता.

दुपारी मास्तरांची बायको आली. एकटीच आली, रिक्षातून, पायात दोन वेगळ्या चपला. मुलाला भेटून बाहेर आली तेव्हा भिंतीला हात लावत चालत होती. हवालदाराने खुर्ची पुढे केली, ती बसली नाही. दोन दिवसांत नवरा गेला होता आणि मुलगाही गेल्यातच जमा होता, आणि दोघांच्या मध्ये तिची सून उभी होती. सून उठली. काही बोलावं की पाया पडावं हे तिला कळत नव्हतं. बाईंनी नजर दुसरीकडे वळवली. असल्या वेळी पोलीस जितका कमी दिसेल तितकं बरं.

म्हातारी सुनेसमोर येऊन थांबली. तिने सुनेच्या गळ्यात अजून लोंबणारी ती कव्हरं काढली आणि बाकावर ठेवली.

"मला भूक लागली आहे," ती म्हणाली. "सांगायला लाज वाटते, पण लागली आहे. चल घरी. तू भात टाक, मी बाकीचं बघते."

दोघी पायऱ्या उतरल्या. उतरताना म्हातारीने सुनेचा दंड धरला होता.